म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरची सांधेदुखी आणि पूरक उपचार: आधी काय तपासावे, मग काय जोडावे

नमस्कार. इतर वाचकांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो. अमळनेरला तुमच्याकडे दहा वर्षांचा लॅब्रॅडॉर नर आहे, त्याचे वजन ४१ किलो आहे आणि गेल्या हिवाळ्यापासून तो बसलेला उठताना मागच्या पायांनी अडखळतो. डॉक्टरांनी सांधेदुखी सांगून मेलॉक्सिकॅमचे पातळ औषध दिले, त्याने आराम पडला. ते संपल्यावर तुम्ही मेडिकलमधून त्याच नावाची माणसांची १५ मिलिग्रॅमची गोळी आणली आणि ती रोज एक याप्रमाणे सुरू केल्यावर काही दिवसांतच उलट्या सुरू झाल्या. त्याच सुमारास एका नातेवाइकांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून जडीबुटीची पावडर आणून दिली. ती दीड महिन्यापासून चालू आहे, तिने कुत्रा ‘एकदम तरुण’ झाला आहे, मात्र पाणी फार पितो आणि रात्री घरातच लघवी करतो. गोळी तुम्ही अधूनमधून अजूनही देता. आता सगळी ‘केमिकलची’ औषधे बंद करून हळद, होमिओपॅथी आणि जमल्यास अ‍ॅक्युपंक्चर यांवरच त्याला ठेवावे का, हा तुमचा मुख्य प्रश्न आहे. गोचिडांसाठी लावत असलेले कापराचे तेल घरातल्या मांजरीला चालेल का, हेही तुम्ही जाता जाता विचारले आहे.

वरवर पाहता हा आयुर्वेद की अ‍ॅलोपॅथी असा प्रश्न दिसतो. तुम्ही दिलेल्या तपशिलांवरून मला मात्र त्यात तीन वेगळे प्रश्न दिसतात: उलट्या कशामुळे झाल्या, पावडरीत नेमके काय आहे, आणि पाय दुखण्याचे कारण खरोखर सांध्यांची झीज एवढेच आहे का. यांची उत्तरे हाती येईपर्यंत कोणता पूरक उपचार चांगला हे ठरवता येत नाही, कारण एकाच वेळी चार गोष्टी चालू असल्या की गुण कशाचा आणि त्रास कशाचा हे घरच्यांनाही सांगता येत नाही आणि डॉक्टरांनाही. मी जळगाव जिल्ह्यात खासगी पशुवैद्यक म्हणून काम करतो, तुमच्या कुत्र्याला मी पाहिलेले नाही, आणि पुढचे सगळे त्या मर्यादेतच वाचावे.

गोळीचा हिशेब आधी पाहू. कुत्र्याला मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि पुढे रोज किलोमागे ०.१ मिलिग्रॅम दिले जाते. ४१ किलोच्या कुत्र्याला याप्रमाणे रोजचे साधारण ४ मिलिग्रॅम होतात, आणि तुम्ही १५ मिलिग्रॅम देत होतात, म्हणजे मात्रा साडेतीन पटींहून अधिक झाली. जनावरांसाठीच्या पातळ औषधाबरोबर जी पिचकारी मिळते तिच्यावर बऱ्याचदा थेट किलोच्या खुणा असतात, त्यामुळे तिथे असा घोळ होत नाही. माणसांच्या गोळीवर फक्त नाव सारखे असते. एवढ्या मात्रेने जठराला व्रण पडणे आणि मूत्रपिंडावर ताण येणे हे अपेक्षितच आहे. म्हणून ‘आमच्या कुत्र्याला इंग्रजी औषध सोसत नाही’ हा निष्कर्ष तूर्त काढू नये. योग्य मात्रेत तेच औषध त्याला सोसले होते, हे तुम्हीच लिहिले आहे. ओघात आले म्हणून सांगतो, ‘केमिकल’ म्हटले की सगळे एका माळेचे मणी असे होत नाही. गिधाडे मरू लागली म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात बंदी आली, आणि त्याला पर्याय म्हणून पुढे आले ते हेच मेलॉक्सिकॅम, कारण गिधाडांना ते सुरक्षित ठरले. कुत्र्याच्या पोटाला तर डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन दोन्ही घातक आहेत, तेव्हा घरातली दुखण्यावरची कोणतीही गोळी ‘लहानसा तुकडा’ म्हणूनही त्याला देऊ नये.

आता पावडर. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती हिची. लंगडणारे जनावर चार-सहा दिवसांत एकदम उड्या मारू लागते, भूक वाढते, पाणी आणि लघवी वाढते, पुढे पोट लोंबू लागते, हे चित्र आमच्या परिचयाचे आहे. स्टेरॉइड दिलेल्या कुत्र्यात ते असेच दिसते. सांधेदुखीच्या काही ‘देशी’ चूर्णांत आणि पुड्यांत न सांगता स्टेरॉइड मिसळलेले असते, हे माणसांच्या बाबतीतही वारंवार उघडकीस आलेले आहे. तुमच्या पावडरीत ते आहेच असे मी म्हणत नाही. जास्त पाणी पिण्याची कारणे मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, कुशिंग (शरीरात स्वतःचेच स्टेरॉइड जास्त बनण्याचा आजार) अशी बरीच आहेत, आणि गोळीच्या जादा मात्रेने मूत्रपिंडाला इजा झाली असल्यासही हेच दिसेल. परंतु पावडरीत स्टेरॉइड असेल, तर त्याच्या जोडीला मेलॉक्सिकॅम जाणे हा जठराला भोक पाडणारा मेळ आहे. विष्ठा डांबरासारखी काळी आणि चिकट दिसली किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे काही आले, तर सकाळची वाट पाहू नये.

त्यामुळे गोळी आजच थांबवावी. पावडर मात्र मनाने एकदम बंद न करता पुडीसकट डॉक्टरांकडे जावे, कारण स्टेरॉइड दीड महिना पोटात गेले असेल तर शरीराने स्वतःचे संप्रेरक बनवणे कमी केलेले असते आणि ते अचानक तोडल्यावर कुत्रा गळून पडू शकतो. किती, कधीपासून आणि कशातून देत होतात हे सगळे डॉक्टरांना सांगावे. अनेक जण रागावणीच्या भीतीने ही बाब लपवतात आणि मग डॉक्टर त्यावर आणखी एक वेदनाशामक देऊन बसतात.

तिसरी बाब निदानाची. दहा वर्षांचा जड लॅब्रॅडॉर मागून अडखळतो म्हटल्यावर खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या सांध्यांची झीज हा अंदाज बहुतेक वेळा खरा निघतो. पण आपल्याकडे गोचिडांचा उपद्रव बारमाही आहे, आणि गोचीडतापाच्या रेंगाळलेल्या रूपात, विशेषतः एर्लिकियामध्ये, सांधे सुजणे, कुत्रा आखडून चालणे हेही दिसते. त्याला डॉक्सिसायक्लिनचा साधारण चार आठवड्यांचा पूर्ण कोर्स लागतो आणि तिथे हळदही चालत नाही, पपईच्या पानांचा रसही चालत नाही. म्हणून रक्ताची सर्वसाधारण तपासणी, रक्ताची काच (काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, साखर, लघवीची घनता आणि खुब्याचा एक्स-रे एवढे तरी व्हावे. त्याआधी घरी एक करता येईल: अंगणात त्याला सैल दोरीने सरळ चालवावे आणि मागून व बाजूने मोबाइलवर चित्रण करावे. मागच्या पायांची मधली नखे वरून घासली गेली असतील, तर तो पाय उचलण्याऐवजी ओढत आहे असे समजावे. मग सांध्यांबरोबर मणक्याचाही विचार करावा लागतो. मांडीचे स्नायू दोन्ही हातांनी एकाच वेळी चाचपून पाहावेत. ज्या बाजूचा घेर भरत नाही, तो पाय तो बऱ्याच दिवसांपासून वाचवतो आहे.

इथपर्यंतचे थोडक्यात असे: गोळी बंद, पावडर घेऊन डॉक्टरांकडे, तपासण्या. त्यानंतर वेदनाशामक पुन्हा कोणते आणि कधी सुरू करायचे हे रक्ताच्या अहवालावर ठरेल. स्टेरॉइडचा संशय असेल तर मध्ये काही दिवस मोकळे सोडावे लागतात आणि तेवढ्यापुरते गॅबापेंटिनसारखे वेगळ्या पद्धतीने काम करणारे औषध दिले जाते. तेही माणसांचे पातळ औषध परस्पर आणू नये, त्यात कधी कधी झायलिटॉल हा गोडवा असतो आणि तो कुत्र्याला विषारी आहे.

आता पूरक उपचारांकडे वळतो. ज्याच्यामागे सर्वांत भक्कम पुरावा आहे त्याला कोणी उपचार म्हणतच नाही, आणि ते म्हणजे वजन उतरवणे. लॅब्रॅडॉर नराचे वजन साधारणपणे २९ ते ३६ किलो असावे. ४८ लॅब्रॅडॉरांवर झालेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक दीर्घ अभ्यास आमच्या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. त्यात जोडीतल्या एका पिल्लाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न आयुष्यभर दिले गेले. कमी खाणारे सरासरी १.८ वर्षे अधिक जगले आणि त्यांच्यात सांध्यांची झीज उशिरा आली. आधीच लंगडणाऱ्या जाड कुत्र्यांतही वजन सहा-सात टक्क्यांनी उतरले की चाल सुधारल्याचे दिसले आहे. तुमच्या कुत्र्यासाठी ते अडीच-तीन किलो होतात. आपल्या घरांत अडचण वेगळीच असते: सकाळी दूध-भाकरी आईच्या हातची, दुपारी पोळी वहिनींच्या हातची, संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटे आबांच्या हातची, आणि प्रत्येकाला वाटते की आपण तर थोडेच दिले. एका डब्यात दिवसभराचे अन्न मोजून ठेवावे आणि जो देईल त्याने त्यातूनच द्यावे. शेवभाजीचा रस्सा किंवा काळ्या मसाल्याची भाजी भाकरीवर ओतणे मात्र पूर्ण थांबवावे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि जंतांसाठी लसूण ठेचून देण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, तिने जंत पडत नाहीत, रक्त तेवढे कमी होते.

दुसरे साधन घरातली फरशी. गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकतात आणि उठण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला सांधा ओढला जातो. त्याच्या बसण्या-उठण्याच्या जागी आणि दारापर्यंतच्या वाटेवर बारदान किंवा जाड सतरंजी अंथरावी, ती सरकू नये म्हणून कडा दाबून ठेवाव्यात, आणि पंजांमधले वाढलेले केस कापावेत. एवढ्यावर काही कुत्री पहिल्याच आठवड्यात सहज उठू लागतात. दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे चालवावे, शेताच्या कडेची मऊ माती उत्तम. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा उजाडतानाच फिरवून आणावे. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू काही क्षण टेकवता येत नसेल, तर त्याचे तळवेही भाजतात. थंडीत खुब्याला गरम वाळूच्या पुरचुंडीने दहा-पंधरा मिनिटे शेक द्यावा, तो आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. पोहणे सांध्यांना चांगले, यात शंका नाही, आणि म्हणूनच काही जण कुत्र्याला शेततळ्यात सोडतात. ते अजिबात करू नये. प्लॅस्टिकचे अस्तर ओले झाले की त्यावर धडधाकट कुत्र्याचेही पंजे ठरत नाहीत, मग म्हाताऱ्याची काय कथा.

औषधी वनस्पतींबद्दल माझे मत प्रतिकूल नाही. सातपुड्याच्या उतारांवर सालईची झाडे आहेत, तिच्या डिंकाला आयुर्वेदात शल्लकी म्हणतात, आणि सांधेदुखीच्या कुत्र्यांवर तिचा एक छोटा अभ्यास परदेशात झालेला आहे. त्यात लंगडणे कमी झाले, पण तुलनेसाठी औषध न दिलेला गट नव्हता, त्यामुळे ‘आशा आहे, खात्री नाही’ इतकेच म्हणता येते. पावरा आणि भिल्ल समाजांतल्या जाणत्या माणसांना झाडपाल्याची जी ओळख आहे तिच्याबद्दल मला आदर आहे. माझी हरकत निनावी पुडीला आहे, जिच्यात काय आणि किती आहे हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. शल्लकी द्यायचीच असेल तर घटक व मात्रा छापलेले, जनावरांसाठीचे उत्पादन घ्यावे. आसव-अरिष्टे देऊ नयेत, कारण त्यांत आंबवण्याने तयार झालेले मद्य असते, आणि द्राक्षासवात तर वर द्राक्षेही असतात, जी कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. भस्मयुक्त गुग्गुळांपासूनही लांब राहावे.

हळदीचे म्हणाल, तर पुडीतल्या हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास असते आणि त्यातले फार थोडे आतड्यांतून रक्तात जाते. काळी मिरी घातली की ते वाढते हे खरे, परंतु मिरी यकृताचे औषधे निकामी करण्याचे कामही मंदावते, आणि त्यामुळे सोबतच्या इतर औषधांची पातळी वाढू शकते. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘सोनेरी लगद्यात’ खोबरेल तेलही असते. एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी, म्हणजे वजन उतरवायचे म्हणून एका हाताने काढलेली भाकरी दुसऱ्या हाताने परत ताटात. अन्नात चिमूटभर हळद पडली तर बिघडत नाही, पण तिच्या भरवशावर वेदना सोडू नये. त्यापेक्षा माशांच्या तेलातल्या ओमेगा-३ साठी कुत्र्यांत बऱ्यापैकी पुरावा आहे. मात्रा वजनानुसार डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, ती हळूहळू वाढवावी, नाहीतर जुलाब होतात, आणि फरक दिसायला दीड-दोन महिने द्यावेत. घरात मासे चालत नसतील तर जवसाचे तेल हा पर्याय सुचवला जातो, पण कुत्र्याचे शरीर त्यातल्या घटकाचे हव्या त्या रूपात फारच थोडे रूपांतर करते, म्हणून मी त्यावर खर्च करायला सांगत नाही.

होमिओपॅथीबद्दल तुमच्या शेजाऱ्यांचा अनुभव चांगला आहे असे तुम्ही लिहिले आहे. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. परंतु ३० पोटन्सी म्हणजे मूळ द्रव्याचे एकावर साठ शून्ये इतके विरलीकरण, आणि साखरेच्या त्या गोळीत द्रव्याचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता नसते. ‘मुक्या जनावराला कुठे माहीत असते आपल्याला औषध दिले ते, मग गुण मनाचा कसा?’ हा नेहमीचा प्रतिप्रश्न असतो. जनावराला माहीत नसते, पण मालकाला असते. सांधेदुखीच्या कुत्र्यांना निव्वळ निष्क्रिय औषध देऊन केलेल्या आणि २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक वेळा मालकांना चालीत सुधारणा दिसली, जेव्हा पायाचा जमिनीवरचा दाब मोजणारे यंत्र तसे काही सांगत नव्हते. पशुवैद्यकही यातून सुटले नव्हते. माझ्याकडे येणारे मालकही टेबलापाशी ‘भलता फरक शे, डॉक्टर’ म्हणतात आणि दोन चित्रणे शेजारी लावून पाहिली की गप्प होतात. शिवाय ही दुखणी वरखाली होत राहतात. आपण नवा उपाय शोधतो तो सर्वांत वाईट आठवड्यात, आणि त्यानंतरचा आठवडा बहुधा आपोआपच बरा असतो. म्हणून कोणताही उपाय जोडताना एकावेळी एकच जोडावा, आधीचे चित्रण ठेवावे, आणि तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळेला दुसरे करावे. साखरेच्या गोळ्यांनी अपाय होणार नाही. पण तेवढे दिवस त्याने वेदना सोसायची, ही किंमत तो मोजतो.

अ‍ॅक्युपंक्चरचा पुरावा संमिश्र आहे. मणक्याच्या काही आजारांत आणि जुनाट वेदनेत मुख्य उपचाराला जोड म्हणून ते उपयोगी पडल्याचे अनुभव आहेत, आणि मी त्याला नाही म्हणत नाही. तुमच्यासाठी प्रश्न अंतराचा आहे: सुयांच्या एका बैठकीसाठी पुण्या-मुंबईपर्यंतचा प्रवास दुखऱ्या खुब्याच्या कुत्र्याने पुन:पुन्हा करायचा, तर मिळालेला आराम परतीच्या वाटेतच जाईल. जवळपास कोणी करत असेल, तर ती व्यक्ती नोंदणीकृत पशुवैद्यक आहे ना हे पाहावे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृतांनाच आहे, आणि सुई चुकीच्या जागी गेली तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सुयांनाही लागू आहे.

गुरांच्या अनुभवावरून कुत्र्या-मांजरांचे ठरवू नये, हेही इथे सांगणे भाग आहे. २०२२ मध्ये राज्यात गुरांच्या लंपी त्वचारोगाच्या साथीची सुरुवात आपल्याच रावेर तालुक्यातून झाली तेव्हा विड्याची पाने, मिरी, मीठ आणि गूळ यांचा लगदा गावोगाव दिला गेला. गाय खाती राहायला त्याचा हातभार लागला असेल, पण साथ आवरली ती लसीकरणाने. कुत्र्या-मांजरांत पार्व्हो (रक्ती जुलाबांचा विषाणूजन्य आजार), रेबीज, गोचीडताप, मादीच्या गर्भाशयात पू होणे आणि बोक्याची लघवी अडणे या पाच ठिकाणी मी कोणत्याही पूरक उपचाराला एक दिवसही देत नाही.

राहिले कापराचे तेल. कुत्रा अंग चाटतो, कापूर पोटात जातो आणि त्याने झटके येऊ शकतात, म्हणून ते बंद करावे. करंज किंवा कडुनिंबाच्या तेलाने गोचिडे थोडी दूर राहतात, पण तपकिरी गोचीड आपला बहुतेक काळ भिंतींच्या फटींत आणि खाटेच्या सांध्यांत काढते, तेव्हा कुत्र्याबरोबर जागेचाही बंदोबस्त लागतो. कपाशीवर फवारून उरलेले औषध कुत्र्याच्या अंगाला चोळण्याचा प्रकार खरिपात दर वर्षी होतो. लाळ गळणे, बाहुल्या बारीक होणे, अंग थरथरणे अशा अवस्थेत ती कुत्री येतात आणि काही दगावतात. तुमच्या कुत्र्याला पूर्वी कधी झटके आलेले नसतील, तर गोचिडांवरच्या हल्लीच्या तोंडावाटे द्यायच्या गोळ्या जास्त खात्रीच्या आहेत.

मांजरीला ते तेल चालणार नाही. मांजरीच्या यकृताला काही द्रव्ये निकामी करता येत नाहीत, त्यामुळे कापूर, निलगिरी, टी ट्री यांसारखी सुगंधी तेले तिला कुत्र्यापेक्षा लवकर बाधतात, आणि पॅरासिटॅमॉलची एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडांवरील काही औषधांत परमेथ्रिन असते, तेही तिला विषारी आहे. तसे औषध कुत्र्याला लावलेच तर ते पूर्ण वाळेपर्यंत दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावे. तिच्या अंगावर गोचीड दिसल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी आणि मांजरींसाठीचे औषध डॉक्टरांकडून वेगळे लिहून घ्यावे.